चष्मा नीट बसवून देते

ती. ताईंना (म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना. तुमच्या घरात येणारी-जाणारी प्रत्येक बाई ‘ताई’च असते, म्हणून हा खुलासा),

धाकटीचा नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? मोठ्या दादांचा खोकला थांबला की अजून ते ‘हा खोकला नाही, घसा साफ करतोय’ असंच म्हणतात? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि ते ‘हो’ कशाला असतं ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. मागे मी पाय मुरगळल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही ‘छान झालं, अशीच प्रगती कर’ म्हणालात. कानाचं यंत्र डबीत सुखाने नांदतं आहे असं सूनबाईकडून कळलं, तेव्हा आता पत्राशिवाय गत्यंतर नाही. शिवाय पत्रात मला मध्येच कुणी ‘मुद्द्यावर ये’ म्हणत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचे धाकटे दीर छापखान्यातून वेळेवर घरी येतात, बाल्कनीतला नळ दुरुस्त झाला, लेकीचा फोन रविवारी येतो, आणि मी ब्रँड झाले आहे. घाबरू नका. त्याला औषध लागत नाही, आणि तसं ते आता बरंही झालं आहे. पण मधल्या काळात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी चष्म्याचा अभ्यासक्रम करते आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा मला नवा चष्मा लागला असं समजून तुम्ही काळजी करत बसला होतात. तर तसं नव्हे. चष्मे तयार कसे करायचे, काचा कशा घासायच्या, आणि मुख्य म्हणजे ते माणसाच्या चेहऱ्यावर नीट कसे बसवायचे, याचं वर्षभराचं शिक्षण असतं. लेक नोकरीला लांब गेली, तुम्ही दोघं मुलाकडे राहायला गेलात, आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला की मी दचकायचे. एक दिवस चष्म्याच्या दुकानात ह्यांच्या चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेले होते. आत एक मुलगी इवल्याशा स्क्रूशी इतकी तन्मय होऊन खेळत होती की मी तिथेच अर्धा तास उभी राहिले. (हे बाहेर चष्म्याशिवाय उभे होते आणि एका अनोळखी गृहस्थांशी ते आपले मामेभाऊ समजून बोलत होते.) दुसऱ्या आठवड्यात मी नाव घातलं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मला ‘तुमची मुलगी कुठल्या बाकावर आहे’ असं विचारलं. मी म्हटलं, मुलगी नाही, मीच आहे. त्यांनी मला पुढे बसवलं, कान अधू असतील या हिशेबाने.

हसायला आलं तरी एक गोष्ट तुम्हाला मनातली सांगते. मला या शिक्षणातून नोकरी हवी होती. पैशाची अडचण नाही, तुम्ही जाणताच. पण कुणीतरी माझ्या कामासाठी माझी वाट बघावी, मी एक दिवस गेले नाही तर ‘त्या बाई का आल्या नाहीत’ असं कुणाच्या तरी तोंडी यावं, एवढी हौस होती. आणि वर्गातली मुलं हळूहळू कुजबुजायला लागली होती की दुकानदार शिकाऊ म्हणून कोवळी पोरं घेतात, आमच्यासारखी पिकली पानं नाहीत. ते मला ऐकू येई. पुढच्या बाकावर असले तरी.

आमच्याकडे मुलांना नोकऱ्या लावून द्यायला एक सर आहेत. सत्राच्या शेवटी त्यांचं व्याख्यान झालं. ते म्हणाले, हल्ली कुणी अर्ज वाचत नाही, इंटरनेटवर तुमचं नाव शोधतात. तेव्हा प्रत्येकाने स्वतःचा ब्रँड उभा करायचा. नोकरीधंद्याच्या माणसांचं एक ठिकाण असतं, तिथे आपलं पान काढायचं, फोटो लावायचा, आपण काय काय दिवे लावले ते लिहायचं, आणि दर चार दिवसांनी काहीतरी नवं टाकत राहायचं. मग एकेकाला उभं करून ते विचारायला लागले, बाजारात तुमची ओळख काय? माझी पाळी आली. मी खरं ते सांगितलं, की बाजारात भाजीवाली मला ‘निवडून घेणाऱ्या बाई’ म्हणून ओळखते. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, बघा, ही सुरुवात आहे. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

इथे कुरळीची ओळख करून द्यायला हवी. कुरळी माझ्या शेजारच्या बाकावर बसते. (केसांवरून नाव मी ठेवलं, आता हजेरीसुद्धा त्याच नावाने होईल अशी स्थिती आहे.) वयाने आपल्या लेकीहून लहान, घर लांब, दोन मैत्रिणींबरोबर एक खोली घेऊन राहते आणि आठवड्यातून तीनदा आमच्याकडे ‘सहज’ येते, नेमकी जेवणाच्या वेळेला. जेवते, सगळी भांडी घासते, आणि घासताना मला माझं आयुष्य कसं सुधारायचं ते समजावते. तिने माझा ब्रँड अंगावर घेतला. काकू, तुम्ही फक्त मान हलवा, बाकी माझ्यावर सोडा, म्हणाली. आजवर ज्यांनी ज्यांनी मला हे वाक्य ऐकवलं त्यांनी मला कुठे नेऊन सोडलं, हे माहीत असूनही मी मान हलवली.

पहिल्यांदा फोटो. ह्यांनी काढलेल्या फोटोत पडदा उत्तम आला होता. मग कुरळीने मला खिडकीपाशी उभं केलं आणि हाताची घडी घाला म्हणाली; त्याने आत्मविश्वास दिसतो. ताई, आपल्या घरात हाताची घडी घालून फक्त तुम्ही उभ्या राहायचात, आणि तशा उभ्या राहिलात की मोठे दादा बाहेर फेरी मारायला निघून जायचे. त्यामुळे घडी घातल्याबरोबर माझा चेहरा आपोआप तुमच्यासारखा झाला. कुरळीला तो फार आवडला. हे तो फोटो पाहून फेरी मारायला गेले.

मग अनुभवाचा रकाना. मला अनुभव काय, तर घर. कुरळी म्हणाली, हल्ली घरालासुद्धा चांगले शब्द असतात, आपण ‘गृहसंचालन’ लिहू. मी म्हटलं, संचालन माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे होतं, मी हाताखाली. तिने लिहिलं, ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली अनेक वर्षे एकत्रित कार्य.’ पुढे तिने सासूबाईंच्या आजारपणाचं विचारून घेतलं आणि त्याचंही काहीतरी भारदस्त करून लिहिलं. ते मात्र मी पुसायला लावलं. का ते मला तिला नीट सांगता आलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि सगळ्यात वर, नावाखाली, आपण कोण ते एका ओळीत लिहायचं असतं. तिथे कुरळीने लिहिलं: ‘दृष्टिदूत. हरवलेली नजर परत मिळवून देणारी. परिवर्तनाची वाटाडी.’ मी म्हटलं, अगं, मी अजून काच घासताना दर तिसरी काच फोडते. ती म्हणाली, काकू, सगळे असंच लिहितात, वाचणारे त्यातून आपापलं वजा करून घेतात. तिने मला वर्गातल्या इतरांची पानं दाखवली. खरंच, आमच्या वर्गात एवढी थोर माणसं बसतात याचा मला पत्ताच नव्हता. मागच्या बाकावर झोपणारा तो उंच मुलगा तर ‘उद्योगाचा भविष्यवेत्ता’ होता. कुरळी स्वतः ‘जागतिक विचारांची नेत्रसौंदर्य सल्लागार’ होती. मग मीच कशाला मोडता घालू, म्हणून गप्प बसले.

पहिली पोस्ट तिनेच लिहिली. ‘आज अत्यंत विनम्रतेने कळवताना मला अभिमान वाटतो’ अशी तिची सुरुवात होती. (विनम्रतेने अभिमान कसा वाटतो हे मी तिला विचारलं. तिने ‘काकू’ एवढंच म्हटलं.) दुसऱ्या दिवशी खाली पहिली कमेंट आली. उघडली, तर तुमच्या धाकट्या दिरांची. लिहिलं होतं, ‘चौथ्या ओळीत परिवर्तनातला रि ऱ्हस्व हवा. शेवटी दोन पूर्णविराम पडले आहेत.’ आता उभा जन्म ज्याने छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला, त्याला बायकोचं लिखाण दिसल्यावर दुसरं काय सुचणार? पण कुरळी भयंकर चिडली. तिने ह्यांना समोर बसवून समजावलं, की काका, इथे चुका दाखवायच्या नसतात, ‘अभिनंदन’ म्हणायचं असतं. ह्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या पोस्टखाली लिहिलं, ‘अभिनंदन. तिसऱ्या ओळीतला स्वल्पविराम अनावश्यक.’

मात्र एक गोष्ट खरी. आपलं पान रोज किती जण बघून गेले, ते त्या ठिकाणी कळतं. बघणारे कोण ते कळत नाही, नुसता आकडा. आणि माझा आकडा चांगला होता. रोज सकाळी पाच-सात जण तरी येऊन जायचे. कुरळीच्या पानावर एवढे येत नसत, तरी ती माझ्यासाठी खूश व्हायची. मी भांडी लावताना विचार करायचे, कोण असतील हे लोक? दुकानांचे मालक असतील का? खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी जिना उतरतानासुद्धा जरा ताठ उतरत होते.

आणि मग एका रविवारी दुपारी फोन आला. एक बाई बोलत होती. म्हणाली, तुमचं पान वाचलं, वडिलांना दाखवायचं आहे, आणू का? शिकवणाऱ्या बाईंनी सराव म्हणून ओळखीपाळखीच्यांचे चष्मे बसवून द्यायला सांगितलेच होते, त्यामुळे मी म्हटलं, या की. मी टेबलावर स्वच्छ कापड घातलं, माझी छोटी पक्कड नि स्क्रूड्रायव्हर मांडला, आणि ह्यांना नीट शर्ट घालायला लावला.

आले ते एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा हात धरून त्यांची मुलगी. ती एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. ते बसचे ड्रायव्हर होते. त्यांनी पायाने उंबरा आधी चाचपला आणि मग पाऊल आत टाकलं. मुलीच्या हातात जाडजूड फाइल होती. तिने ती माझ्या स्वच्छ कापडावर ठेवली आणि म्हणाली, “सगळे रिपोर्ट आणलेत. सगळ्या डॉक्टरांनी आता काही होणार नाही म्हणून सांगितलं. पण तुम्ही हरवलेली नजर परत मिळवून देता असं लिहिलंय ना, म्हणून म्हटलं, एकदा विचारावं.”

ताई, माझ्या आयुष्यात मला कधी इतकी लाज वाटली नाही. वाचणारे आपापलं वजा करून घेतात म्हणे. ज्याला गरज असते तो वजा करत नाही हो. तो अक्षरन् अक्षर धरून दोन बस बदलून येतो.

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. हे माझ्या मागोमाग आत आले. मी म्हटलं, काय करू? ह्यांनी कपबश्या काढल्या आणि म्हणाले, “चहा दे, आणि मग खरं सांग. आधी सांगितलंस तर त्यांना चहा जायचा नाही.” हा माणूस आजवर जेवढं बोलला त्यातलं मला हे सगळ्यात पटलं.

चहा झाल्यावर मी सांगितलं. मी डॉक्टर नाही, विद्यार्थिनी आहे. फ्रेमा बसवायला शिकते. ते वाक्य मी लिहायला नको होतं, ते खोटं आहे, आणि मला माफ करा. मुलीने मान खाली घातली. काही वाईट बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त “बरं” म्हणाली आणि तोंड धुवायला कुठे जाऊ म्हणून विचारलं. ह्यांनी तिला आत नेऊन बेसिन दाखवलं, आणि तिच्या आधी टॉवेल बदलून ठेवला.

बाहेर मी आणि ते दोघेच उरलो. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली.

“बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “मला ठाऊक होतं. मला केव्हापासूनच ठाऊक आहे.”

“मग आलात कशाला?”

“ती आणते म्हणून.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टरकडे जायचं असलं की बसमध्ये ती माझ्याजवळ बसते. शाळेतलं सांगते, घरातलं सांगते. बाहेर काय काय दिसतंय तेही सांगते. एरवी तिला वेळ कुठे मिळतो? कामं असतात. म्हणून कुणी नवा डॉक्टर सांगितला की मी नाही म्हणत नाही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि पाहता पाहता शिकवलेलं आठवलं. त्यांचा चष्मा जुना, जाड काचांचा, भलता जड होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याने लाल खड्डे पाडले होते आणि एका कानामागची कातडी सोलवटली होती. मी विचारलं, दिसत काही नाही तर हा एवढा त्रास कशाला सोसता?

“काढला तर तिला वाटेल मी आशा सोडली,” ते म्हणाले.

मी चष्मा मागून घेतला. चहाचं गरम पाणी उरलं होतं, त्यात काड्यांची टोकं धरली, मऊ झाल्यावर त्यांच्या कानाचा अंदाज घेत घेत वाकवली, नाकावरच्या गाद्या काढून माझ्या पेटीतल्या मऊ बसवल्या, स्क्रू आवळले. पुन्हा घातला, पाहिला, काढला, वाकवला. त्यांचा कान माझ्या हाताखाली लहान मुलासारखा गरम होता. शेवटी चष्मा बसला. त्यांनी मान इकडे हलवली, तिकडे हलवली, खाली वाकले, वर पाहिलं. चष्मा जागचा हलला नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक आठी, जी मी त्यांच्या वयाची समजत होते, ती गेली.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. वडिलांचा चेहरा बघून दारातच थांबली. “काय झालं?” म्हणाली. तिच्या आवाजात पुन्हा ती आशा आलेली मला ऐकू आली, आणि मी घाईने म्हटलं, “चष्मा नीट केला. नजर नाही. फक्त चष्मा.”

ती जवळ आली, त्यांच्या नाकावरच्या त्या लाल खुणांवरून तिने बोट फिरवलं. “दुखत होतं?” तिने विचारलं. “मला कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलं नाहीस,” ते म्हणाले. मग ती हसली. रडतही होती, पण हसली.

निघताना तिने विचारलं, पुन्हा सैल झाला तर आणू का? मी म्हटलं, कधीही आणा. तेव्हापासून ती दोघं येतात. महिन्यातून एकदा तरी, दोन बस बदलून. चष्मा तेव्हा बसवला तसा आहे; केसभरही सैल झालेला नाही. मी काढते, पुसते, स्क्रू अर्धा मागे फिरवते, पुन्हा पुढे फिरवते आणि ‘बरं झालं आणलात’ म्हणते. ती चहा पितात आणि परतीच्या बसला जातात.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, ती ओळ बदलायची आहे. ते टायपायला बसले. मी सांगितलं: ‘विद्यार्थिनी. चष्मा टोचत किंवा घसरत असेल तर नीट बसवून देते.’ त्यांनी टाइप केलं, चष्मा नाकावर चढवून वाचलं, पुन्हा वाचलं. मी विचारलं, काही चूक आहे का? म्हणाले, “नाही. यात काही करायचं नाही.” ताई, लग्न झाल्यापासून मी लिहिलेलं असं काहीही, किराणाची यादी धरून, त्यांनी कधी न दुरुस्त करता परत दिलेलं नव्हतं. मी तशीच उठले आणि डाळ लावली.

कुरळी दुसऱ्या दिवशी आली ती वीज कडाडावी तशी. काकू, तुम्ही सगळं धुळीला मिळवलंत. इतकी मेहनत करून मी तुम्हाला मोठं केलं आणि तुम्ही एका ओळीत स्वतःला लहान करून टाकलंत. मी तिला जेवायला वाढलं आणि ते बाप-लेक आल्याचं सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. हातातला घास ताटात ठेवून एकदम म्हणाली की तिने जगभरच्या विचारांचं इतकं लिहिलं, पण एकाही दुकानातून तिला अजून उत्तर आलेलं नाही, आणि घरी आईला ती रोज ‘खूप ठिकाणी बोलणी चालू आहेत’ असं सांगते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. (अवघड आहे. बोटं अडकतात.) भांडी घासताना तिने हळूच विचारलं, काड्या गरम पाण्यात किती वेळ धरायच्या? तो धडा शिकवला त्या दिवशी ती बाहेर उभी राहून काचांबरोबर स्वतःचा व्हिडिओ काढत होती. मग आम्ही घरातले यच्चयावत चष्मे गोळा केले आणि तिला शिकवलं. ह्यांचा वाचायचा चष्मा त्यात दगावला.

सरांनीही मला बोलावून घेतलं. म्हणाले, बाई, याला ब्रँड म्हणत नाहीत, याला पाटी म्हणतात. मी म्हटलं, पाटी तर पाटी. वाचणारा चुकीच्या दारात शिरणार नाही. ते म्हणाले, अशाने तुम्हाला कुणी बोलावणार नाही. ते मात्र मला लागलं. दुसरं काही लागलं नाही, ते लागलं.

पण बोलावणं आलं. एका जुन्या दुकानातून, आमच्या शिकवणाऱ्या बाईंच्या ओळखीने. मालकीणबाई तुमच्याच वयाच्या, तुमच्याइतक्याच करारी. मी माझ्या पानाची छापील प्रत काढून नेली होती. कुरळीने सांगितलं होतं म्हणून. बाईंनी ‘बसा’ म्हणून स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा डावीकडे कलतो, सरळ करा. मी पाहिला. काड्या तपासल्या, टेबलावर ठेवून पाहिला, त्यांच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिला. चष्मा सरळ होता. ग्रंथालयातली ती मुलगी डोळ्यांपुढे आली आणि मी खरं ते सांगून टाकलं. “चष्मा सरळ आहे. तुमचा एक कान दुसऱ्याहून खाली आहे. म्हणून चष्मा जरा वाकडा करावा लागेल.” त्या उठल्या. मग आतल्या आरशापाशी गेल्या, दोन्ही कान धरून पाहिले, आणि परत येऊन म्हणाल्या, “इतकी वर्षं दुकान चालवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” मी चष्मा त्यांच्या कानाला हवा तेवढा वाकडा केला. त्यांनी घातला, समोरच्या पाटीकडे पाहिलं, आणि पहिल्या तारखेपासून या म्हणाल्या.

मी उठताना न राहवून ती छापील प्रत पुढे केली. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझा ब्रँड. त्या म्हणाल्या, “कुठल्या कंपनीच्या फ्रेमा?”

म्हणजे त्यांनी माझं पान पाहिलेलंच नव्हतं. दुकानात इंटरनेटच नाही. ते ऐकून मी त्यांना कुरळीबद्दल सांगितलं, की एक मुलगी आहे, तुमच्या दुकानाचं असं पान करून देईल की लांबून लोक येतील, आणि चष्मेही बसवते. (हल्ली बसवते.) त्या म्हणाल्या, आणा. आता कुरळीही माझ्याबरोबर जाते. पहिल्याच दिवशी तिने दुकानाच्या पानावर ‘दृष्टीच्या क्षितिजापलीकडे’ असं लिहिलं होतं. माझ्याकडे पाहून तिने ते आपणहून पुसलं आणि दुकान किती वाजता उघडतं ते लिहिलं.

तर मग रोज सकाळी माझं पान बघणारे ते पाच-सात जण कोण, हे कोडं राहिलंच होतं. ते परवा सुटलं. ह्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी छापखान्यात गेले. तिथला अक्षरजुळवणी करणारा मुलखाचा बोलका. म्हणाला, “वहिनी, तुमचं पान आम्हाला तोंडपाठ झालंय. साहेब सकाळी आले की आधी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तेच उघडून ठेवतात. मग काम.” हे पलीकडे मान खाली घालून प्रुफं तपासत होते. कान लाल झाले होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि आले. घरी आल्यावर तेच म्हणाले, “एकाच कॉम्प्युटरवरून पाहिलं की एकच मोजतात.” मी म्हटलं, हो का. आणि आम्ही जेवायला बसलो.

असो. पत्र लांबलं. मोठ्या दादांना नमस्कार, मुलाला नि सूनबाईला आशीर्वाद, नातवाला पापा. तब्येतीला जपा. औषधं वेळेवर घ्या, आणि घेतली नाहीत तर ‘घेतली’ म्हणून सांगू नका, मला तुमच्या आवाजावरून कळतं.

तुमची,
धाकटी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. त्या पानावर ‘शिफारस’ नावाचा एक रकाना असतो. आपण ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी आपल्याबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. माझा रकाना रिकामा आहे. आता मी आजवर कुणाच्या हाताखाली काम केलं, तर ते तुमच्याच. तेव्हा तुम्ही चार ओळी लिहून पाठवाव्यात ही विनंती. ‘मनमिळाऊ’ आणि ‘स्वभावाने गरीब’ असं लिहू नका, ते स्थळ सुचवल्यासारखं दिसतं. कामाबद्दल लिहा. मी कशी होते ते.

ता. ता. क. : नोकरी मला लागलेली आहे हे वरती लिहिलंच आहे, म्हणजे शिफारशीची आता काही गरज नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. रकाना रिकामा राहिला तरी कुणी विचारत नाही. तुम्ही पाठवलेलं मी तिथे लावणारही नाही. पण तुम्ही मुलाकडे जायला निघालात त्या सकाळी सगळ्यांना जवळ घेऊन काही ना काही बोललात, आणि मला मात्र गाडीत बसता बसता एवढंच विचारलंत, ‘गॅस बंद केलास का?’ मी ‘हो’ म्हटलं, आणि गाडी गेली. एकाच ओट्याशी आपण एवढी वर्षं उभ्या होतो. गरज नाही, पण तरी लिहा.